कायमचे ट्रेनी

किस्से कुणी जमवत नाही हो, ते आपोआप साठतात. आमच्या कानस घासायच्या टेबलाखाली लोखंडाचा भुसा साठायचा, तसे. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी आहेतच!

मी सिल्वासाच्या एका ट्रेनिंग सेंटरात फिटर ट्रेडचा इन्स्ट्रक्टर होतो. शहरातल्या गरीब पोरांना हातकाम शिकवायचं, म्हणजे ती कारखान्यात लागतील, अशी दिल्लीची स्कीम. पैसे दिल्लीचे, कारखाने सिल्वासाचे, पोरं आमलीच्या चाळींतली आणि शिकवणारा मी, गुहागरकडचा. सगळं होतं. नोकऱ्या तेवढ्या नव्हत्या.

आता सेंटर बंद पडलंय. तरी कधी तरी दादऱ्याला वनगंगेच्या बागेत आम्ही तिघं बसतो. आमचे प्रमुख कामतसाहेब, शिपाई नटूभाई आणि मी. एकेक आठवून पोट धरून हसतो. मग कुणाला तरी रोहिदास आठवतो आणि आम्ही घरी जायला उठतो.

*

सरकारी पैसा मार्चात येतो. वर्षभर आपण स्मरणपत्रं पाठवायची, वरून चकार शब्द नाही. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ग्रँट धाडकन येऊन पडते! महिना संपायच्या आत खर्च करा, नाही तर परत पाठवा.

तेवढ्या घाईत मिळेल अशी एकच मोठी वस्तू कामतसाहेबांना सुचली, लोखंड कातायची लेथ मशीन. लेथ आली. भल्यामोठ्या लाकडी खोक्यात बसून आली. पण ती चालवायला थ्री-फेज वीज लागते आणि आमच्याकडे साधी दोन ट्यूबलाइटची लाइन. थ्री-फेजचा खर्च पुढच्या हप्त्यात होता.

मी म्हटलं, "निदान खोकं तरी उघडू. पोरांना हात लावून बघू दे."

कामतसाहेब दोन्ही हात पसरून खोक्यापुढे उभे! "अरे, उघडलं की इन्स्टॉलेशन रिपोर्ट द्यावा लागतो. रिपोर्टात मशीन चालू आहे असं लिहावं लागतं. चालू आहे तर लाइटबिल कुठाय, असं ऑडिटवाले विचारणार. मग काय सांगू, हाताने फिरवतो?"

खोकं तसंच राहिलं. नटूभाईंनी त्यावर स्टोव्ह ठेवला. आमचा सगळ्यांचा चहा वर्षानुवर्षं त्या लेथवर झाला.

मी मग फळ्यावर रंगीत खडूंनी लेथ काढली. चांगली भिंतभर. भागांना अ, ब, क, ड अशी नावं दिली. पोरांनी ती घोकून पाठ केली. त्यातला सगळ्यात हुशार रोहिदास. शिरपूरकडचं कुटुंब, बाप इथे प्लॅस्टिकच्या कंपनीत आला तेव्हा हा कडेवर होता. अर्ध्या झोपेत विचारलं तरी "क म्हणजे टेलस्टॉक" असं सांगायचा.

त्याला एका कारखान्यात इंटरव्ह्यूला नेलं. सुपरवायझर म्हणाला, "चला के दिखा."

रोहिदास मशीनपुढे उभा राहिला. मग बाजूने गेला. मग मागे जाऊन वाकून बघून आला. मी हळूच म्हटलं, "काय शोधतोयस रे?"

"सर, याच्यावर अ-ब-क कुठी लिहेल आहे?"

सुपरवायझर खुर्चीत बसून हसला. मीही हसलो, तिथे दुसरं काय करणार? बाहेर आल्यावर मात्र इतका संताप आला, की स्कूटरला किक मारताना नडगी सोलून घेतली.

*

एकदा दिल्लीहून नवा ट्रेड मंजूर होऊन आला. आम्ही मागितला होता धाग्याच्या मशीनचा ऑपरेटर, कारण सिल्वासात जिकडे बघाल तिकडे कृत्रिम धाग्याचे कारखाने. आला काय, तर घड्याळ दुरुस्ती!

त्याचा वेगळा इन्स्ट्रक्टर आला, डोळ्याला लावायची भिंगं आली, चिमटे आले. फक्त दुरुस्त करायला घड्याळ नव्हतं. पोरांकडे कुठून असणार? शेवटी कामतसाहेबांनी आपलं मनगटी घड्याळ काढून दिलं. साऱ्या बॅचने ते आळीपाळीने उघडलं आणि जोडलं. ते पुन्हा कधी चाललं नाही.

नटूभाई चहा गाळता गाळता म्हणाले, "साहेब, आखा सिल्वासामां भोंगो वागे छे. घडियाळ कोण बांधे?"

खरं होतं. कारखान्याचा भोंगा वाजला की उठायचं, वाजला की जेवायचं. कामतसाहेबसुद्धा पुढे भोंग्यावरच घरी जायला लागले!

*

इन्स्पेक्शनचा किस्सा तर कामतसाहेब स्वतःच सांगतात. इतका अपमान झालेला माणूस तो इतका रंगवून कसा सांगतो, याचं मला नवल वाटतं.

पोरांना स्टायपेंड मिळायचा. मिळायचा म्हणजे मिळायला हवा होता. हप्ता अडकला, स्टायपेंड थांबला, तशी पोरं एकेक करून रोजंदारीवर गेली. त्यांना काय बोलणार? घरी चूल पेटायला हवी. आणि नेमकं तेव्हाच दिल्लीचे अधिकारी बघायला येणार म्हणून कळलं. रिकामी शेड दाखवली तर स्कीमच गुंडाळतील.

कामतसाहेब तिवारी ठेकेदाराकडे गेले. या तिवारींची ओळख करून द्यायला हवी. सिल्वासाच्या निम्म्या कारखान्यांना माणसं पुरवायची यांनी, आणि त्या माणसांना राहायला खोल्याही यांच्याच चाळीतल्या. तिवारी म्हणाले, "इतना ही ना? भेज देता हूँ."

सकाळी टेम्पो आला. त्यातून तिवारींच्या मेंटेनन्सचे कसलेले फिटर उतरले. टेबलाशी उभे राहिले आणि फायलिंग सुरू! कानस अशी चालत होती की मीच बघत राहिलो.

अधिकारी खूश. मेंदी लावून केस लाल केलेल्या एका 'विद्यार्थ्या'जवळ ते थांबले. "आगे क्या करने का इरादा है, बेटा?"

"साहब, इस साल बेटी की शादी!"

मी सारवासारव करायला पुढे झालो. पण अधिकाऱ्यांची नजर तोवर समोशांकडे गेली होती.

निघताना त्यांनी कामतसाहेबांची पाठ थोपटली. म्हणाले, असं काम देशात कुठे पाहिलं नाही. कामतसाहेबांचा चेहरा फुलला. मग अधिकारी गाडीत बसता बसता म्हणाले, "कामतजी, इतना बढ़िया सीख गए हैं, तो अब इन्हें पैसे की क्या ज़रूरत?"

पुढचा हप्ता रद्द झाला.

*

तरीही पोरं शिकली हो. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. लेथ नाही, पण कानस होती, करवत होती, पाने होते, आणि मी होतो. रोहिदासचा हात तर असा बसला, की त्याने घासलेल्या पट्टीवर काटकोन तपासायचा गुण्या ठेवला तर खालून उजेड दिसायचा नाही.

सर्टिफिकेट घेऊन पोरं कारखान्यांच्या गेटवर गेली आणि हात हलवत परत आली. का? तर शिकलेला माणूस घेतला की त्याला कुशल कामगाराचा पगार द्यायला लागतो. शिवाय तो युनियनबिनियन काढील ही भीती! गेटवरचे लोक सर्टिफिकेट बघितलं की म्हणायचे, "हेल्पर चाहिए, साहब नहीं."

मग पोरांनी सर्टिफिकेटं ट्रंकेत टाकली आणि 'काही येत नाही' असं सांगायला लागली. पण गेटवालेही वस्ताद. ते समोर बोल्ट आणि पाना टाकायचे, म्हणायचे खोल. ज्याने पाना बरोबर धरला तो शिकलेला. त्याला घरी पाठवायचं!

तेव्हा मी काय केलं सांगू? कोर्सच्या शेवटी एक जादा तास घ्यायला लागलो. पाना उलटा कसा धरायचा, त्याचा. बोल्ट भलत्या बाजूला कसा पिळायचा, एकदा तरी पाना पायावर कसा पाडायचा, आणि "साहब, ये क्या होता है?" हे कोणत्या तोंडाने विचारायचं. आयुष्यभर सरळ धर, सरळ धर म्हणून ओरडलेला माणूस मी! तो तास घेताना मी फळ्याकडे तोंड करायचो, आणि पोरं खिदळत असायची.

बाकीची पास झाली. रोहिदास नापास. गेटवर त्याच्यापुढे बोल्ट टाकला, आणि त्याने बघता बघता खोलून, पुसून, वॉशरसकट ओळीत मांडून ठेवला.

संध्याकाळी माझ्यापुढे मान खाली घालून उभा. मी भडकलो. "अरे, कालच शिकवलं ना तुला?"

"हात आयकत नाही, सर."

*

आता या रोहिदासचं घर सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. त्याच्या वडलांना सगळे जिभाऊ म्हणत, तो आबा म्हणायचा. प्लॅस्टिकच्या कंपनीत प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली. कामगार तिवारी ठेकेदाराचा, त्यामुळे कंपनी म्हणाली आमचा संबंध नाही. तिवारींनी जिभाऊंना चाळीचं आवार झाडायला ठेवलं आणि सांगितलं, "जब तक झाड़ू मारते रहोगे, खोली तुम्हारी."

म्हणजे डोक्यावरचं छप्पर त्या झाडूला बांधलेलं. रोहिदास परमनंट लागला असता, तर दुसरी खोली भाड्याने घेता आली असती आणि म्हाताऱ्याचा झाडू सुटला असता. जास्त काही नको होतं त्यांना. जिभाऊ रोज सकाळी तिवारींना त्याच बोटं गेलेल्या हाताने रामराम करायचे. मी एकदा विचारलं, राग नाही येत? म्हणाले, "येतो ना सर. पण खोली त्याची आहे."

रोहिदासचं लग्न काही जमेना. नंदुरबारकडून पाहुणे आले. मुलीच्या मामाने विचारलं, "पोरगा काय करतो?"

जिभाऊ म्हणाले, "ट्रेनिंगमधी आहे."

"मागल्या आखाजीच्या सणाले आलो तवाबी ट्रेनिंगमधीच व्हता ना?"

"मोठी ट्रेनिंग आहे."

मामाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "डाक्टर व्हतो का काय?"

*

आणि ट्रेनिंग खरंच मोठी होती! तिचं असं झालं.

पुढे स्कीममध्ये सुधारणा झाली. पोरांनी प्रत्यक्ष कारखान्यात शिकायचं, स्टायपेंड सरकार देणार, आणि शिकून झालं की कारखाना त्यांना नोकरीत घेणार. कामतसाहेबांनी आनंदाने बर्फी वाटली. रोहिदास एका धाग्याच्या कंपनीत गेला, मशीनवर उभा राहिला आणि नेहमीच्या ऑपरेटरसारखं काम करायला लागला. कंपनीला तो फुकट. मुदत संपली, तशी कंपनी म्हणाली, "अच्छा लड़का है. अगला बैच भेजो."

बरं, सिल्वासात टॅक्सची सवलत नव्या कंपनीला. सवलत संपत आली की कंपनी कागदोपत्री बंद करायची आणि त्याच शेडमध्ये नव्या नावाने उघडायची. पेंटर येऊन गेटवरची पाटी रंगवायचा, की झाली नवी कंपनी! आत मशीन तीच, कँटीनची उसळ तीच. नव्या कंपनीला आमच्याकडून नवे ट्रेनी हवे असायचे. रोहिदास पुन्हा अर्ज करायचा, कारण पोटाला स्टायपेंड तरी हवा. अनुभव? काही नाही असंच सांगायचं.

एकदा अशा 'नव्या' कंपनीत पहिल्याच दिवशी मी पोरांना सोडायला गेलो होतो. सुपरवायझर जुनाच. त्याने रांगेकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे रोहिदास, इन नए लड़कों को मशीन सिखा दे."

"साहब, मैं भी नया हूँ."

"हाँ हाँ, मालूम है. पहले इनको सिखा, फिर तू सीख!"

पोरं हसली. रोहिदासही हसला. मला तिथे उभं राहवेना, मी सरळ गेटबाहेर आलो.

*

शेवटचा किस्सा आम्ही तिघं एकमेकांना सांगत नाही. तुम्हाला सांगतो.

दिल्लीने सांगितलं, आता पोरं नोकरीला लागलेली दाखवा, नाही तर स्कीम बंद. कामतसाहेब कंपन्यांच्या दारोदार फिरले. शेवटी त्या धाग्याच्या कंपनीने मान्य केलं. अगदी जाहीर कार्यक्रम करून नेमणूकपत्रं देणार! मंडप पडला, सनई लागली, मोठे पाहुणे आले, फोटोग्राफर आला. पोरांनी इस्त्रीचे शर्ट घातले. जिभाऊ पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत, बोटं नसलेला हात उपरण्याखाली झाकून.

रोहिदासचं नाव पुकारलं. गळ्यात हार पडला, हातात पाकीट पडलं, फोटोचा झगमगाट झाला. मी टाळ्या वाजवत होतो आणि डोळे पुसत होतो. लाज कसली? माझा पोरगा लागला होता! वळून बघितलं, तर जिभाऊंची खुर्ची रिकामी. म्हटलं, घरी सांगायला धावले असतील.

कार्यक्रम संपला. पोरं मंडपामागे आली. तिथे कंपनीच्या जीपपाशी पर्सोनेल मॅनेजर पिशवी उघडून उभा होता. "लाओ भाई, लेटर जमा करो. ये फंक्शन के लिए था. परसों दादरा में भी फंक्शन है."

पोरांना वाटलं, थट्टा करतोय. मी रोहिदासच्या हातातलं पाकीट घेऊन उघडलं. आत 'श्री' असं छापलेलं होतं आणि पुढे नाव नव्हतंच, नुसती टिंबं. मॅनेजरने ते माझ्या हातातून काढून पिशवीत टाकलं. मी कामतसाहेबांकडे धावलो. ते मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "फोटो दिल्लीला गेला की हप्ता सुटेल. पुढची बॅच तरी शिकेल." हे बोलताना त्यांचा आवाज इतका चिरकला, की मला भांडताही येईना.

मागून रोहिदास आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सर, आबा तिवारीकडे गेले. सकाळीच म्हणत व्हते, एकदा लेटर हातात पडू दे, मंग मी त्याले सांगतो!"

त्याला मागे बसवलं आणि स्कूटर हाणली. गळ्यातला हार काढायचंही त्याला सुचलं नाही. चाळीपाशी पोचलो तर सगळी चाळ दारात. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हणाली, "काय बोलले जिभाऊ! अशे कधीच बोलले नव्हते!"

जिभाऊंनी झाडू नेऊन तिवारींच्या टेबलावर, फोनच्या शेजारी ठेवला होता. म्हणाले होते, "माझे बोट गेले तवा तू दवाखान्यातबी आला नाही. हा तुझा झाडू ठेव. तुझी खोलीबी ठेव. माझा पोरगा परमनंट झाला!" इतक्या वर्षांचं सगळं त्यांनी उभ्या उभ्या बोलून टाकलं होतं.

मला वाटलं, आता सामान रस्त्यावर. आत गेलो तर जिभाऊ खुर्चीवर! तिवारींसमोर, बशीत चहा ओतून. कंपनीत परमनंट लागलेल्या पोराचा बाप म्हटल्यावर तिवारींनी सूर बदलला होता. "बैठिए, जिभाऊजी," ते म्हणत होते, "लड़का कंपनी में लगा तो हमारा ही आदमी हुआ ना!"

आम्हाला दारात बघून जिभाऊंनी हाक मारली. झाकून ठेवायचा तो हात आता त्यांनी सगळ्यांसमोर उंच केला होता. "ये रे रोहिदास! दाखव त्यांले तुझं लेटर!"

रोहिदासने खिशात हात घातला. तो तसाच आत राहिला. दारात चाळ गोळा झालेली, टेबलावर झाडू, आणि तिवारी हात पुढे करून हसतायत.

"आबा," तो म्हणाला, "ते फ्रेम कराले टाकलं."

"वाह! फ्रेम तो बनता है!" तिवारींनी टेबलावर थाप मारली आणि मलाही चहा सांगितला. "बन जाए तो पहले इधर लाना, बेटा. फिर खोली का देखते हैं."

जिभाऊंनी मान डोलावली, बशी फुंकली, चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, फ्रेमले किती दिवस लागतीन हो?"